काळे हात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सेंट जॉनच्या सणाआधी,
सुई आरपार जाते तोवरच अक्रोड तोडायचे.
सुई अडली की समजायचं, आत कवच धरलं;
मग ते खारींचे, आपले नव्हेत.

आई सुई घेऊन निघाली ती रात्री.
झाड बांधावर होतं आणि बांध कोर्टात.
वडील आणि स्तामातिस काका अकरा वर्षं
एकाच बेकरीतून वेगवेगळ्या वेळी पाव आणत.
मोजणीदाराने दोरी ताणली
तेव्हा ती बुंध्याच्या बरोबर मधून गेली.
त्याने वहीत एवढंच लिहिलं : अक्रोड एक, जुना.

कंदील मी धरला होता. नऊ वर्षांची.
पिलिओच्या पायथ्याशी व्होलॉसचे दिवे,
बंदरात एक बोट, जी हलत नव्हती.
आई ॲप्रनमध्ये टाकत, पुटपुटत मोजत होती,
साठ, एकसष्ट,
आणि खालच्या फांद्या आधीच रिकाम्या पाहून म्हणाली,
"खारी यंदा उंच झाल्यात."

सोलायला दोन दिवस.
आधी बोटं पिवळी, मग तपकिरी,
संध्याकाळपर्यंत नुसती शाई.
लिंबू, मीठ, राख, व्हिनेगर, काही चालत नाही.
तो रंग कातडीबरोबरच जातो, महिन्याभराने.

मग पाणी. सकाळी बदलायचं, संध्याकाळी बदलायचं,
आठ दिवस.
पहिलं पाणी काळं, तिसरं चहासारखं,
पुढे कधीतरी गव्हाच्या काडाच्या रंगाचं.
आई रोज एक अक्रोड जिभेला लावून बघायची,
तोंड वाकडं करायची : अजून नाही.
कडूपणा ढवळून निघत नाही, सांगायची,
त्याला पाण्यात बसू द्यायचं आणि पाणी टाकून द्यायचं.
हे ती अक्रोडांबद्दल बोलत होती.
काकूला ती अकरा वर्षं पाण्यात पाहत आली होती
आणि ते पाणी कोणी बदललं नव्हतं.

रविवारी चर्चला आई हातमोजे घालून निघाली.
काळ्या लेसचे, कुणाच्या तरी मयताला घेतलेले. भर जूनमध्ये.
प्रार्थना संपली. प्रसादाच्या पावासाठी रांग लागली.
पाव उघड्या हातावर घ्यायचा असतो.
आईने मोजे काढले,
आणि तिच्या पुढची बाई,
त्रियांदाफिल्या काकू,
तीही काढत होती. पांढरे, तिच्या लग्नातले.

चार हात, मनगटापर्यंत
जणू एकाच दौतीत बुडवलेले.
फादर पानारेतोसनी एकीच्या हातावर पाव ठेवला,
मग दुसरीच्या, आणि दाढीत खोकले.
रंगेहाथ म्हणतात ते हेच.
कोणी कोणाला पकडलं, एवढंच ठरत नव्हतं.

पायरीवर गळाभेट झाली, असं कोणी समजू नये.
दोघी दोन वाटांनी गेल्या.
खटला पुढे आणखी तीन वर्षं चालला.

आठवा दिवस सरला, आणि चुन्याच्या निवळीची रात्रही.
आई अक्रोडांच्या पोटात बदाम भरत होती
तेव्हा मागच्या दारात काकू.
"लवंगा आहेत का? चार."
आमच्याकडे उंबरा ओलांडून आलेल्याला,
मग तो कोर्टाचा बेलिफ का असेना,
बशीत एक गोड फळ, चमचा
आणि गार पाण्याचा पेला द्यावाच लागतो.
यंदाचा पाक अजून चढायचा होता.
आईने फडताळातून गेल्या सालची बरणी काढली.
पाक चमच्यावरून सुटेना, इतका मुरलेला.

काकूने उभ्यानेच खाल्लं. पाणी पूर्ण प्यायली.
काळ्या बोटांनी ओठ पुसले.
"लवंग जास्त झालीय," म्हणाली.
"तुझा पाक कायम पातळ," आई म्हणाली.
अकरा वर्षांत पहिली दोन वाक्यं.

दुसऱ्या दिवशी बांधावर, बुंध्याच्या बेचक्यात
कागदाची पुडी होती.
आईने लवंगा हातावर ओतून मोजल्या.
पाच.
पुन्हा मोजल्या.