चौथा इंजेक्टर

भुसावळ. मे. रात्रीचे अकरा,
ओट्याची फरशी अजून चटके देते.
पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवलं:
धापलं, विझलं. रेलमधला दाब उतरला.

दोन दारांची लाल गाडी, सेकंडहँड.
गल्ली तिला हेलिकॉप्टर म्हणते.

चारही इंजेक्टर पेपरावर,
नंबर ज्योत्स्नाच्या नेलपॉलिशने.
तिघांचा फवारा धुक्यासारखा,
चौथा नुसता ठिबकतो.

अप्पा लोकोशेडचे फिटर,
कान तिथेच ठेवून निवृत्त झाले.
मी बॅटरीची तार टेकवली,
त्यांनी चौथा पुसून दातांत धरला
आणि डोळे मिटले.
"जित्ता हाये. नाकात कचरा अडकेल हाये."

मग नव्या ओ-रिंगला तेल चोळताना
अख्खी गल्ली जागी होईल अशा आवाजात:
"एवढूसा? आमचा तं हाताएवढा राहे!"