खाजनाचा बांध

खांदा आता निखळत नाही.
हे आधीच सांगून टाकतो, कारण चोडणच्या फेरीबोटीवर
सगळे तेवढंच विचारतात.
झोपेत कूस वळली तरी नाही,
शिंक आली तरी नाही.
(एकदा शिंकेनंच निखळला होता,
शालन अजून हसते.)

पण पाग फेकायला हात मागे नेला
की एका जागी थांबतो.
दुखत नाही. नुसता थांबतो,
मानशीची फळी खाली बसावी तसा.

बांबोळीच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं:
सांध्याची झिजलेली कड,
इथून कापून तिथे बसवायचा हाडाचा तुकडा, दोन स्क्रू.
"वाटेत एक स्नायू येतो," म्हणाले,
जसं रस्ता रुंद करताना कुणाचं तरी अंगण येतं.
"कापणार नाही. धाग्यांच्या दिशेनं उकलू फक्त."
मला चुडत आठवलं, नखानं उकललेलं.

तो स्नायू आरशात दिसत नाही.
फऱ्याच्या आत, बरगड्यांना टेकून असतो,
भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत
कुणी आयुष्य काढावं तसा.
बावन्न वर्षं त्याच्या जिवावर पाग फेकला
आणि ओळख झाली टाके पडल्यावर.

ज्योव्हितानं करून दिली.
"तळवा पोटावर ठेवा. दाबा.
कोपर पुढेच राहू दे."
मी दाबला. कोपर मागे गेलं.
"मनगट चोरतंय," ती म्हणाली,
"आणि ती मान बघा, शेजाऱ्याच्या घरात
लुडबुड करायला निघालीय. तिला गप्प बसवा आधी."
पोट दाबायचं काम इतकं अवघड असतं
हे भरपेट जेवणाऱ्या माणसाला कुठून कळणार!

सहा आठवडे हात गळ्यात होता.
सोडला तेव्हा दंड पोराचा वाटला,
माझ्या अंगाला चुकून लावलेला.
पुढे फोटो काढला त्यात लिहून आलं:
स्नायूत थोडी चरबी शिरली आहे.
थोडी म्हणजे किती, मी विचारलं नाही.

मी नववीत असताना आमचा बांध फुटला होता.
भरतीच्या रात्री, कोकणी टोपलीएवढं भोक आधी,
सकाळी त्यातून होडी गेली असती.
सगळा गाव चिखलात उतरला,
चिरे, पेंढा, माती, आठ दिवस.
बांध उभा राहिला. लोक हात धुऊन घरी गेले.
बाबा मात्र रोज जाऊन उभे राहायचे,
शेताकडे तोंड करून.
शेतावर पांढरी साय.
पहिल्या वर्षी गवतसुद्धा नाही.
दुसऱ्या वर्षी कोरगुट, केस गळालेल्या डोक्यासारखं.
मीठ पावसानंच धुतलं जातं, ते म्हणायचे,
फावड्यानं नाही.
बांधाला मात्र कुणी बोल लावला नाही.

खिडकीच्या गजाला रबर बांधलंय.
आधी पिवळं होतं, आता लाल.
काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर बरगडीला,
पंधरा वेळा आत, पंधरा वेळा बाहेर.
भिंतीवर बोटं चढवतो, पेन्सिलीची खूण करतो.
मागच्या महिन्यापासून खूण तिथेच आहे.
शालननं भिंत रंगवायची ठरवलीय,
मी म्हटलं, दिवाळीनंतर.

रोहिदास धाकटा पाग देऊन गेला, हलका.
काल टाकला. पायातून वळलो, कमरेतून,
हाताला जेवढं जमलं तेवढंच मागितलं.
पाग गोल उघडला नाही,
घावनासारखा एका बाजूनं दुमडला.
दोन काळुंद्र मिळाले, एक सोडण्याएवढा.
सोडला.

चतुर्थीच्या शर्टाचं माप घेताना
काजेतान शिंप्याची टेप उजवीकडे थबकली.
"अर्धा इंच खाली आहे. आत कापूस भरू? कळणार नाही कुणाला."
मी म्हटलं, नको.
शिवणीत कापड जास्त धर.
उसवायला लागलं, तर असू दे.