कोंडा

पोंक पोंक. सहा वाजले.
मडगावात, बोर्ड्याच्या आमच्या गल्लीत पोदेराची सायकल,
आणि चार मजल्यांवरून सुटलेल्या पिशव्या, दोरीला बांधून.
तिसऱ्या मजल्यावरची माझी.
पाच पोयी. वर कोंडा भुरभुरलेला,
तपकिरी, प्रामाणिक दिसणारा.

मी दवाखान्यात बोटं टोचते,
वहीत साखरेचे आकडे लिहिते.
दोनशे दहा. एकशे नव्वद.
सुरंगाबाय तीनशेच्या पुढे, आणि वर मलाच ऐकवते,
"हांव पोयच खातां गो, पाव सोडून वर्स जालें."

त्या दिवशी घरी येऊन मी पोय फाडली.
आत पांढरीशुभ्र.
वाटीत भिजवून कुस्करली तर बोटांना चिकटला
मैदा, नुसता मैदा.
कोंडा फक्त वरून,
पावडर थापून फोटोला बसलेल्या माणसासारखा.

मग आम्ही सात जणी भट्टीवर गेलो,
शिवाय आग्नेल मास्तर,
ज्यांना कुठल्याही गोष्टीचा इतिवृत्तांत लिहायची हौस.
मी भाषण लिहून नेलं होतं, दोन पानी.
इनास पोदेराने ते अर्ध्यावर थांबवलं.
"कोंडा गोठ्यात जातो, बाय. गाय तक्रार करत नाही.
तुम्हीच ना वरून ओरडायचात, मऊ दे, मऊ दे?"

ओरडायचो.
मीसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरून.

भट्टीमागे मौनेश जेवायला बसला होता,
बागलकोटचा, रात्री दोनपासून हजार गोळे वळून.
फडक्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
बुक्कीने फोडलेला कांदा.
"तू पोय नाही खात?"
तो नुसता हसला,
आणि घास तोंडात असल्यामुळे
उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.
दुसरं पान मी घडी करून पर्समध्ये टाकलं.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
म्हणीतला कोंडा गरिबाच्या वाट्याचा.
आता तोच आम्ही मागत होतो,
पोयीमागे रुपया जादा देऊन,
उशीला मात्र फोम.

ठरलं : मंगळवारी आणि शुक्रवारी, खऱ्या पिठाची.
पहिल्या मंगळवारी चाळीस भाजल्या, सतरा परत गेल्या.
घशाला ओरबाडते, म्हणे.
विटकर आहे, म्हणे. मुलं रडली, म्हणे.
मास्तरांनी वहीत लिहिलं :
ठराव मंजूर, पोय नामंजूर.
माझ्या नवऱ्याने ती चहात बुडवली,
दोन चमचे साखरेच्या चहात.
मी बघितलं आणि गप्प बसले.
एका घरात एका वेळी एकच भांडण.

शुक्रवारी मौनेशने न विचारताच
कोंडा रात्रभर कढत पाण्यात भिजत घातला.
बायको ज्वारीला आधण घालते, तसं, म्हणाला,
कोरडं पीठ रागीट असतं.
त्या दिवशी चारच परत आल्या.
त्यातली एक मास्तरांची,
पण त्यांचं म्हणणं, दात दुखत होता.

सुरंगाबाय काल आली. दोनशे चौसष्ट.
पोयीमुळे असेल.
किंवा त्यांच्या इमारतीची लिफ्ट
महिनाभर बंद आहे, त्यामुळे.
मी वहीत आकडा तेवढा लिहिला.

पोंक पोंक. सहा वाजले.
पिशवी वर ओढताना दोरी जराशी जड लागते,
की मलाच तसं वाटतं.
खाली सायकलवर आज मौनेश आहे.
त्याला हजार गोळ्यांचे किती मिळतात,
हे आम्ही आठ जणांनी
अजून विचारलेलं नाही.