डाव

शनिवारी लोबाउच्या जुन्या धान्यबाजारात माझं टेबल असतं,
खिडकीपाशी,
कारण दिव्याच्या उजेडात पितळ खोटं बोलतं.
भिंग, मोजपट्टी, लोहचुंबक, पांढरे हातमोजे.
हातमोजे मी घालत नाही,
ते लोकांना धीर यावा म्हणून.

आधी वास घ्यायचा.
शंभर वर्षांच्या चामड्याला घाम आणि बंद कपाट यांचा वास येतो.
बुटांच्या पॉलिशचा आला, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.
मग भोकं मोजायची.
बिल्ल्यामागे दोनाच्या जागी चार निघाली
तर समजावं, गरुड दुसऱ्याच टोपावरून उडून आलाय.

आज सकाळी एकानं असलाच आणला,
टोकदार, चकचकीत, कळंकाचा ठिपका नाही.
"पणजोबांचा," म्हणाला.
आतल्या स्क्रूला फुलीची खाच होती,
पणजोबा गेल्यावर जन्मलेला स्क्रू.
"छान जपलंय," मी म्हटलं.
ते काही खोटं नव्हतं.

दुपारी गुड्रुन शीमांक आल्या,
दारातून तिरप्या, कारण हातात पुरुषभर लांब दांडा,
आणि दांड्याच्या टोकाला, उलटं,
सोळा सालच्या धाटणीचं पोलादी शिरस्त्राण.
हवेसाठी ठेवलेली भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवलेली.
वासाचं विचारू नका.
शेजारच्या टेबलावरच्यांनी सॉसेज खाली ठेवलं.

"आजोबा ते घालून आले," त्या म्हणाल्या,
"दारातच काढलं. त्याच संध्याकाळी आजीनं दांडा ठोकला.
गोठ्यामागच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला
आमच्याकडे डाव नव्हता."

वोल्फहार्ट तोवर येऊन उभा होताच.
दांडा काढतो, वाळूचा मारा देतो,
हिरवा-तपकिरी रंग चढवतो, म्हणाला,
सहाशे आत्ता, रोख.

मी आतल्या कडेवरचा ठसा पुसला.
साठ.
सगळ्यात लहान माप.
आजोबांचं डोकं पोराएवढंच असणार,
की पोरच होते ते?
अस्तराचं चामडं नाही, नुसते तीन रिवेट.
गोळीची खूण नाही. पोचा नाही.
रंग नावाला नाही.
माझ्या छापील कागदावर या सगळ्याचे गुण कापायचे असतात,
आणि सगळ्यात मोठी वजावट: नंतरचे फेरफार.

मग कडेवरून बोट फिरवलं
आणि एका जागी ते कागदासारखं पातळ लागलं.
खड्ड्याच्या दगडावर घासून घासून झिजलेलं.
एकाच बाजूला.
दांडा धरून बघितला, उजव्या हातानं, जमेना.
हात बदलला.

"आजी डावखुऱ्या होत्या का?"

गुड्रुनबाई बसल्या. खुर्ची नव्हती तिथे,
वोल्फहार्टच्या पेटीवर बसल्या.
"शाळेत बांधून ठेवायचे तिचा तो हात," म्हणाल्या.
"तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणी नाही.
मी कागदावर मालकाच्या रकान्यातली
पलटण आणि हुद्दा खोडला,
नाव विचारलं.
हान्का.
वापर: एकेचाळीस वर्षं.
वोल्फहार्ट सातशेवर आला.
किमतीच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं,
तेवढ्यात त्यांनी माझी फी मोजून ठेवली,
पाच युरो, सगळी चिल्लर,
आणि दांडा खांद्यावर टाकला, डाव्या,
माझ्या लक्षात आलं ते त्या तिरप्या होऊन
दाराबाहेर गेल्यावर.

खिडकी उघडली.
वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.