सातवं घर

झाकीवरचा मोर पिसारा उघडता उघडता
सातव्या पिसाला विझतो.
सहा येतात ओळीनं, निळं हिरवं निळं हिरवं,
मग खट्,
आणि जेल रोडच्या दोन्ही ओट्यांवरची माणसं
"ओ हो हो" करतात,
जणू मीच त्यांच्या तोंडातला घास काढला.

अनंत चतुर्दशी. रात्रीचे सव्वाअकरा.
मागे आखाड्याची पोरं लाठ्या टेकवून उभी,
पुढची झाकी कृष्णपुऱ्याला पोचलीसुद्धा.
मी ट्रॉलीखाली उताणी, दातांत टेस्टर,
छातीवर काचेच्या फ्यूजांची डबी.
तीत आता तीनच.

भेरूलाल वाकून म्हणतो,
"दीदी, कील ठोक दो ना, एक रात का तो सवाल है."
कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी
प्रसादासारखी पुढे करतं.

त्र्यंबकमामा मिलच्या बिजली खात्यात होता.
कमी बोलायचा, आणि बोलायचा ते शिव्यांसकट.
शिव्या गाळून उरतं ते एवढंच:
फ्यूज उडाला हा बिघाड नव्हे,
बिघाडाची बातमी आहे.
निरोप्याचं तोंड शिवलंस
तर पुढचा निरोप धूर घेऊन येतो.

हा रोलर त्यानंच घडवलेला. सागाचा,
अंगावर तांब्याच्या पट्ट्या, जिन्यासारख्या चढत्या.
मोटर फिरते, पितळी पत्त्या एकेकीला शिवतात,
एकेक पीस जागं होतं.
हल्ली बाजारात मुठीएवढे कंट्रोलर मिळतात,
बत्तीस तऱ्हांनी लुकलुकतात,
आणि गेले की गेले, उघडायला झाकणच नसतं.

याला झाकण आहे.
आतून पेन्सिलीनं लिहिलेलं, मामाच्या किरट्या अक्षरात:
८४ उंदीर
८५ पाऊस
८७ उंदीर
८८ मी
पुढे मिलला कुलूप लागलं.
यादी तिथं थांबत नाही,
फक्त अक्षर बदलतं.

मोटरचा पट्टा उतरवते.
फ्यूजच्या जागी शंभराचा बल्ब जोडते,
आणि रोलर हातानं फिरवते, जात्यासारखा.
एक: मंद. दोन: मंद.
तीन, चार, पाच, मंद, मंद, मंद.
सहा.
सात: लख्ख!
वरून टाळ्या पडतात. वेडे कुठले.
आमच्या धंद्यात लख्ख म्हणजे वाईट.

मग सातवी वायर चाचपत वर, बोटांनी,
बांबूमागून, पुठ्ठ्यामागून,
ओल्या कापडाखालून, मोराच्या मानेशी.
तिथं संध्याकाळी घाईघाईनं
कुणीतरी फलक ठोकलाय:
वॉर्डाचे लाडके भियाजी,
हात जोडलेले, दात सगळे दिसणारे.
त्यांच्या डाव्या कानातून गेलेला खिळा
थेट माझ्या वायरीत.

भेरूलाल, बघ,
तुझा खिळा आधीच ठोकलेला होता.

रबरी मुठीची पक्कड. एक हिसका.
भियाजी उरलेल्या एका कानावर लटकतात,
आणि खाली बल्ब
उतरतो, उतरतो,
मंद होतो. पिवळट, लाजाळू,
देवघरातल्या वातीएवढा.
याहून सुंदर उजेड मी तरी पाहिला नाही,
पण हे सांगणार कुणाला, शिट्ट्या चाललेल्या.

टेप गुंडाळते, तीन वेढे, चौथा मामाच्या नावानं.
पाच अँपियर. पाचच.
पट्टा चढवते.

निळं हिरवं निळं हिरवं निळं हिरवं
(श्वास)
निळं.

आठवंही आलं. नववंही.
दहाव्यातले दोन दिवे गेलेत, ते कुणाला दिसत नाहीत,
मला दिसतात.
ओट्यावरची एक पोर मोराकडे पाठ करून
भुट्ट्याचा कीस खातेय, तन्मय.

ट्रॅक्टर खोकतो. ट्रॉली हलायच्या आत
झाकणात लिहून टाकते:
यंदा खिळा.
कुणाचा, ते लिहीत नाही. जागा कमी आहे,
आणि निवडणुका दरवर्षी नसतात,
उंदीर असतात.

डबीत दोन फ्यूज उरले.
राजवाडा अजून लांब आहे.