ओढू नको

सीताबर्डीत गल्लीच्या तोंडाशी साडेतीन फुटांचं दुकान.
पाटीवर 'धोटे पेन दुरुस्ती',
खाली बारीक अक्षरात: निब, जीभ, टोपण.
पाइप कुठंच लिहिलेला नाही.

तरी टेंभरे साहेब आले, मे महिन्यात, दुपारी दोनला,
डोक्यावर ओला दुपट्टा, खिशात कांदा,
आणि रुमालात बाळासारखा पाइप.
"दांडी निघत नाई. पोरगा पक्कड घेऊन बसला होता,
म्या हिसकून आणला."

दांडी हिरवट पडलेली, टोकाला दातांचे दोन खड्डे.
नखानं घासली, हुंगली: गंधक.
म्हणजे एबोनाइट. म्हणजे माझ्याच ओळखीतलं;
जुन्या पेनांच्या जिभा याच्याच.

"ठेवता कुठं?"
"खिडकीत. कूलरपाशी."

झालं.
बाहेर शेहेचाळीस, आत रात्रंदिवस वाळ्याची ओल.
लाकूड प्यालं, फुगलं,
आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बसलं.
सागाच्या ओंडक्यांवर अठ्ठावीस वर्षं हातोडीचे शिक्के मारलेला माणूस,
त्याला तीन इंच लाकूड कळलं नव्हतं.
मी बोलले नाही. तेच म्हणाले,
"मले समजाले पाह्यजे होतं."

दोन दिवस कोरड्यात ठेवला.
माझ्याकडे कूलर नाही, ही एक सोय.
मग शेजारच्या ज्यूसवाल्या फारुखभाईच्या डीप फ्रीजरमध्ये,
संत्र्याच्या रसाच्या बाटल्यांमागे, अर्धा तास.
एबोनाइट थंडीनं अंग चोरतं, लाकूड इतक्या लवकर नाही.
त्या केसभर फरकातच सगळं करायचं.

बाबा असते तर मागून म्हणाले असते,
ओढू नोको. फिरव. एकाच दिशेनं.
पेन असो की माणूस,
ओढलं की गळ्यापाशी चिरतं.
(माणसाचं मी आत्ता जोडलं. बाबा पेनापुरतंच बोलायचे.)

फिरवली. नाही.
फिरवली.
तळहाताला घाम, म्हणून पदरात धरून फिरवली.
मग कुठंतरी आत एक कुरकुर,
आणि 'टुप्'.

आत डांबर, जुन्या रेल्वे डब्यासारखा वास.
उदबत्तीच्या काडीला कापूस, कापसाला स्पिरिट;
सात काड्या काळ्या निघाल्या, आठवी तांबूस, नववी बरी.
कानस हातात घेतली आणि परत ठेवली.
घासून काढलेलं पुन्हा लावता येत नाही.
खुंटीवर चार-बी पेन्सिल फिरवली, शिसं चकाकेपर्यंत,
घातली, काढली, पुन्हा पेन्सिल,
शाळेतल्या नकाशात नदी गडद करावी तशी.

गुरुवारी साहेब आले नाहीत, बाई आल्या.
इकडं तिकडं पाहून म्हणाल्या,
"एक काम कर पोरी. अशी बसव, की निघूच नोको.
डॉक्टरनं सांगतलं, ओढू नका.
हा माणूस कोनाचं ऐकते?"

थेंबभर डिंक पुरला असता. ड्रॉवरमध्ये होताही.
मी पाइप त्यांच्या हातात दिला.
त्यांनी दांडी फिरवली, हलकेच, घड्याळाला किल्ली द्यावी तशी.
'टुप्'.
पुन्हा घातली. पुन्हा काढली.
"जेवनानंतर रोज हाच आवाज यायचा," म्हणाल्या,
"तवा मले राग यायचा."

दुपट्ट्याच्या टोकानं पाइप पुसला, जो पुसायची गरज नव्हती.
"किती झाले?"
"साठ."
त्यांनी पन्नास दिले, दहा सुटे नाहीत म्हणाल्या,
आणि डिंकाचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

"कूलरपाशी ठेवू नका," मी ओरडून सांगितलं.
त्यांनी हात हलवला. म्हणजे ऐकलं,
किंवा म्हणजे बघू.

वहीत पन्नास लिहिले.
पानावर माझा काळा अंगठा उठला,
शिशाचा, चकचकीत,
सही येत नसलेल्या माणसाचा असतो तसा.