दोन अंश जास्त

पहिल्या संध्याकाळी वुकासोविच मास्तरांनी
काहीच शिकवलं नाही.
प्रत्येकाच्या हाती वीतभर जस्ती पत्रा दिला,
म्हणाले, धरा.
धरून बसलो आम्ही अकरा जण
पुंता अरेनासच्या संध्याशाळेत.
बाहेर वारा, रोजचाच,
बोलता बोलता माणसाला रस्ता ओलांडायला लावणारा.

माझे हात खेकड्यांच्या कारखान्याचे.
अठरा वर्षं लाल पाय मोडले, मांस उपसलं,
काटे तेवढे बोटांत ठेवून घेतले.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा हिशेबात
एक पगार, आणि डोक्यावरची पांढरी टोपी
कुणी परत मागितली नाही.

पत्र्यानं पहिल्याच आठवड्यात अंगठा चिरला.
मास्तर म्हणाले, कड उघडी ठेवलीस.
कड नेहमी आत दुमडायची, नेलिदा,
आपण निघून गेल्यावरही
कुणीतरी तिच्यावरून हात फिरवणार असतं.

तांबड्या मुठीची कातर डावीकडे वळते,
हिरव्या मुठीची उजवीकडे.
गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो.
पोरं या उलट्या हिशेबात अडखळली.
मी नाही.
घरात ताटं वाढली की आई पाव असाच कापायची.

ओस्वाल्दो मान्सिया एकोणीस वर्षांचा,
कागदावर शंकू असा उलगडतो
जणू सोललेलं संत्रं.
मी बोटांवर मोजते, पुसते, पुन्हा मोजते.
पण शिवणीला सहा मिलिमीटर जास्तीचे सोडायला
तो विसरतो, मी विसरत नाही.
वाढत्या पोराच्या गणवेशात मी चार बोटं सोडत आले.

मग ते वाकवण्याचं यंत्र.
नव्वद अंशांत वाकवलेला पत्रा
दाब काढला की अठ्ठ्याऐंशीवर येतो.
मी पुन्हा दाबला. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मी त्याला शिवी दिली.
मास्तर हसले नाहीत.
म्हणाले, त्याचा स्वभाव आहे तो.
ब्याण्णवपर्यंत ने, आणि सोड.
तो मागे येणारच. यायला जागा ठेव.

त्या रात्री बसथांब्यावर दोन बस जाऊ दिल्या.
माझा पोरगा कलामाच्या खाणीत आहे.
चार वर्षं झाली, फोन नाही.
त्याला वळण मीच लावलं,
गुण्या लावून,
बरोबर नव्वद.

परीक्षेला धुराड्याची टोपी आली,
वाऱ्याकडे पाठ करून फिरणारी.
दोन रात्री, एकेचाळीस रिवेट,
आणि डाख पुसायला ती पांढरी टोपी,
एवढ्या वर्षांनी कामाला आली.
परीक्षकानं फटीत नख घातलं,
तीन मिलिमीटर, असं लिहिलं,
आणि खाली, नाखुशीनं, पास.

मास्तरांनी ती टोपी शाळेत ठेवली नाही.
दोन्या उबेर्लिंदाच्या छपरावर
माझ्याच हातानं बसवायला लावली.
मी वर, मास्तर शिडी धरून खाली,
दोघांच्या मधे वारा, त्यात त्यांचं निम्मं बोलणं उडून गेलं.
जे ऐकू आलं ते एवढंच:
घट्ट करू नकोस. फिरू दे.

आता रात्री पडल्या पडल्या ऐकते,
तीन घरांपलीकडे माझं काम फिरतंय.
किर्र. थांबतं. किर्र.
बेअरिंगला तेल कमी पडलंय.
तिला शेजाऱ्यांनी काही म्हणायच्या आत
उद्या शिडी घेऊन जायला हवं.

आणि कलामाचा नंबर
फोनच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेला आहे,
कड न दुमडलेला.
तिकडे आत्ता पाळी सुटली असेल.